‘ही कशाच्याच कामाची नाही’: संत बर्नाडेटला मठात खरंच हिणवलं का?

एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांची भाची बारावी झाली, दहावीला एकदा गचकली होती. वडील दुसऱ्याच्या वाडीत मजुरीला जातात. मुलगी म्हणते, मला सिस्टर व्हायचंय. घरात लूर्दच्या मातेचं चित्र आहे, त्यात खाली गुडघे टेकलेली बर्नाडेट, म्हणजे फ्रान्समधल्या लूर्दला मरियेचं दर्शन झालेली आणि पुढे सिस्टर झालेली मुलगी. ‘तीही गरीब होती, तिलाही वाचता येत नव्हतं,’ हे भाचीचं ठरलेलं उत्तर. पण ताईंनी कुठेतरी वाचलं की बर्नाडेटला मठात निकामी म्हणत, वरच्या सिस्टर तिला छळत, आणि ती नम्र असल्यामुळे सगळं मुकाट्याने सोसायची. त्या विचारतात, ‘हे खरं का? नम्र असणं म्हणजे बोलणी खाणं असेल तर मी पोरीला कशाला पाठवू?’

मी स्वतः सिस्टर आहे. आधी अकरा वर्षं दवाखान्यात नर्स होते, मग वीस वर्षं नोव्हिस मुलींना, म्हणजे व्रतं घेण्याआधी मठात शिकणाऱ्या उमेदवारांना, शिकवण्याचं काम केलं. म्हणजे बर्नाडेटच्या गोष्टीत जिला सगळे खलनायिका ठरवतात, त्या नोव्हिस मिस्ट्रेसच्याच (नोव्हिसांना घडवणाऱ्या सिस्टरच्या) खुर्चीवर मी बसलेली आहे. हे आधीच सांगते, म्हणजे माझा कल कुणीकडे जातो यावर तुम्हाला लक्ष ठेवता येईल.

ताई, ‘कशाच्याच कामाची नाही’ हे शब्द तिच्याबद्दल बिशपांसमोर उच्चारले गेले, हे खरं. पण ते शब्द मुळात तिचेच होते, हे सहसा कुणी सांगत नाही. आणि मुकाट्याने सोसायची म्हणाल, तर ते साफ चूक. ही मुलगी मुकाट कधीच नव्हती. तिला मी नम्र म्हणते ते वेगळ्याच कारणासाठी, आणि त्यासाठी तिच्या घरापासून सुरुवात करावी लागेल.

फ्रान्सच्या दक्षिणेला, पिरेनीज डोंगरांच्या पायथ्याशी लूर्द हे गाव. तिथल्या बोली नावाच्या पाणचक्कीत 7 जानेवारी 1844 रोजी तिचा जन्म झाला. पाणचक्की म्हणजे ओढ्याच्या पाण्यावर फिरणारी पिठाची गिरणी. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरची (पूर्वीच्या औरंगाबादची) पाहिली असेल तर कल्पना येईल. वडील फ्रान्स्वा सुबिरू, आई लुईझ. मुलीचं पाळण्यातलं नाव मारी-बर्नार्द, घरात बर्नाडेट. पुढे हिच्यासह नऊ भावंडं झाली, बरीचशी लहानपणीच गेली. जगलेल्यांत ही थोरली.

म्हणजे जन्मतः ती दरिद्री नव्हती. गिरणीवाल्याची थोरली मुलगी, खाऊनपिऊन बरं घर. गरिबी आली ती हळूहळू, डोळ्यांदेखत. वडील मनाने चांगले आणि व्यवहाराला कच्चे. गिऱ्हाईक दळण घेऊन जायचं, पैसे ‘नंतर’. आई आलेल्या-गेलेल्याला खाऊ घालायची. त्यात जात्याला टाकी लावताना दगडाची कपची उडून वडिलांचा एक डोळा गेला. 1854 मध्ये गिरणी हातची गेली. पुढच्याच वर्षी गावात पटकीची साथ आली, ती बर्नाडेटला लागली. जीव वाचला, पण दमा कायमचा जडला. तिची वाढही खुंटली. मोठेपणी तिची उंची होती 1.40 मीटर, म्हणजे जेमतेम साडेचार फूट.

1857 च्या सुरुवातीला या कुटुंबाला भाडं भरायलाही काही उरलं नाही. तेव्हा एका नातेवाइकाने गावातल्या जुन्या तुरुंगाची खोली राहायला दिली. कैद्यांना ठेवायला ती लायक नाही म्हणून सरकारने तो तुरुंग बंद केला होता. साधारण 16 चौरस मीटरची ओलसर खोली, मागच्या अंगाला उकिरडा, आणि राहणारी माणसं सहा. धाकटा भाऊ भुकेपायी चर्चमध्ये मेणबत्त्यांचं सांडलेलं मेण खरवडून खाताना गावातल्या एका बाईंनी पाहिला. त्याच मार्चमध्ये एका बेकरीवाल्याची पिठाची दोन पोती चोरीला गेली आणि पोलिसांनी फ्रान्स्वाला उचललं. पुरावा? बेकरीवाल्याने सांगितलं, याची हलाखी इतकी आहे की यानेच केलं असेल असं मला वाटलं. आठवडाभर कोठडीत ठेवून सोडून दिलं.

ताई, इथे मी जरा थांबते. आमच्याकडे उमेदवार मुलींच्या घरी आम्ही भेट द्यायला जातो. त्या भेटींत मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. ज्या घरातल्या माणसावर केवळ गरीब म्हणून चोरीचा आळ आला असेल, त्या घरातली पोरं दोनपैकी एका वाटेने जातात. काही कायमची खाली मान घालतात. काही एका बाबतीत कमालीची काटेकोर होतात: दुसऱ्याचा दाणा घेणार नाही, आणि स्वतःच्या तोंडी कुणाला खोटा शब्द घालू देणार नाही. बर्नाडेट दुसऱ्या जातीची. तिची सगळी नम्रता मला या काटेकोरपणातून आलेली दिसते. बापाला माप राखता आलं नाही, ते लेकीने शब्दांत राखलं.

11 फेब्रुवारी 1858 ची गोष्ट तुम्हाला ठाऊकच असेल, म्हणून लांबवत नाही. जळण आणि विकायला हाडं गोळा करायला ती बहीण आणि मैत्रिणीबरोबर मासाबिएलच्या कपारीपाशी गेली आणि तिथे तिला एक तरुण स्त्री दिसली. 16 जुलैपर्यंत अशी 18 दर्शनं झाली. ती चौदा वर्षांची होती, फ्रेंच तिला येत नव्हतं, तिकडची ऑक्सितान बोली बोलायची, आणि गरिबांच्या मोफत शाळेत नुकतीच जायला लागली होती. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं पुढे घडलं ते आहे. दिसलेल्या व्यक्तीला ती ‘पवित्र मरिया’ म्हणतच नव्हती. ‘आकेरो’ म्हणायची, म्हणजे तिच्या बोलीत नुसतं ‘ते’. गावाने मरिया ठरवून टाकली होती. हिला कुणी नाव सांगितलं नव्हतं, म्हणून ही नाव घेत नव्हती.

21 फेब्रुवारीला पोलीस अधिकारी जाकोमे याने तिला बोलावून जबाब घेतला. त्याने लिहिलेलं वाचून दाखवलं, त्यात मुद्दाम बदल केले होते. तिने तिथल्या तिथे अडवलं: ‘साहेब, तुम्ही सगळं बदललंत.’ वडील वर्षभरापूर्वी याच पोलिसांच्या कोठडीत बसून आलेले, हिला सही करता येत नाही, आणि ती साहेबाचा जबाब दुरुस्त करतेय! पुढे एकाने तिला सुनावलं की तुझ्यावर आमचा विश्वास नाही. तिचं उत्तर असं की तुम्हाला सांगण्याचं काम मला दिलंय, पटवण्याचं नाही.

25 मार्चला त्या व्यक्तीने नाव सांगितलं: ‘मी निष्कलंक गर्भसंभव आहे.’ मरिया आईच्या गर्भात आल्या क्षणापासून पापमुक्त होती, असा हा सिद्धान्त पोपनी 1854 मध्ये जाहीर केला होता, पण गावच्या पोरीला तो शब्द कुठून ठाऊक असणार! विसरू नये म्हणून ती वाटभर तो घोकत धर्मगुरू पेरामाल यांच्याकडे गेली आणि दारातूनच म्हणून टाकला. फादर तापट गृहस्थ; पहिल्यांदा त्यांनी तिला हाकलून लावलं होतं. या वेळी त्यांचीच गडबड उडाली. अर्थ तिला नंतर कुणीतरी समजावला.

पैशांच्या बाबतीतही तीच गोष्ट. बघायला येणारे लोक हातात नाणी कोंबायचे, ती परत करायची. एकदा हातात सोन्याचं नाणं दिलं तर ‘भाजतंय’ म्हणून टाकून दिलं असं सांगतात. खोलीत सहा जण उपाशी असताना. आपल्याकडे काही जण याला लगेच वैराग्य म्हणतील. मला विचाराल तर एवढं मोठं नाव द्यायची गरज नाही. तिने जे पाहिलं ते विकायचं नव्हतं, बस्स. तिचे फोटो मात्र पुढे लूर्दमध्ये दहा-दहा सेंटिमला, म्हणजे चिल्लर पैशांना, विकले जात. त्यावर तिचा शेरा, ‘माझी किंमत तेवढीच आहे.’

18 जानेवारी 1862 रोजी तार्बचे बिशप लोरांस यांनी चौकशीअंती दर्शनं खरी असल्याचं जाहीर केलं. तोवर बर्नाडेट लूर्दमधल्याच हॉस्पिसमध्ये, म्हणजे गरीब-आजाऱ्यांच्या आश्रमात, राहायला आली होती; तो फ्रान्समधल्याच नेव्हर्स या शहरात मुख्य मठ असलेल्या सिस्टर चालवत. जुलै 1860 मध्ये तिला तिथे घेतलं, तेही कागदोपत्री ‘निर्धन रुग्ण’ म्हणून. लिहायला-वाचायला ती इथेच शिकली.

आता ‘कशाच्याच कामाची नाही’ या वाक्याकडे येते. त्याचा पहिला भाग 1863 मधला आहे. नेव्हर्सचे बिशप फोर्काद हॉस्पिसला भेट द्यायला आले. स्वयंपाकघरात एक ठेंगणी मुलगी गाजरं सोलत बसलेली त्यांनी पाहिली. नंतर तिला बोलावून विचारलं, पुढे काय करणार? ती म्हणाली, काही नाही. सिस्टर व्हावंसं नाही वाटत? तिने सरळ हिशेब मांडला. मी गरीब आहे, माझ्याकडे हुंडा नाही. (त्या काळी मठात येताना मुलीने रक्कम आणायची रीत होती. आपल्याला हुंडा शब्द कळायला कुणाची मदत लागत नाही.) बिशप म्हणाले, खरी ओढ असेल तर आम्ही हुंड्याशिवायही घेतो. तिने पुन्हा उत्तर दिलं: तुम्ही हुंड्याशिवाय घेता त्या मुली हुशार असतात, शिकलेल्या असतात, त्यात तुमची भरपाई होते. मला काहीच येत नाही, मी कशाच्याच कामाची नाही.

बिशप म्हणाले, एका कामाची तर आहेस, सकाळीच पाहिलं मी. कोणत्या? गाजरं सोलायच्या! ती हसून म्हणाली, ते काय अवघड आहे?

हे संभाषण वाचून लोक गहिवरतात. मला हसू येतं, आणि आदरही वाटतो. कारण अशा मुलाखती मी वर्षानुवर्षं घेतल्या. येणारी मुलगी स्वतःबद्दल एक तर वाढवून सांगते, नाही तर ‘मी अगदी पापी, तुच्छ’ असं पुस्तकी बोलते. ते दुसरं ऐकलं की मी जास्त सावध व्हायचे. हिने दोन्ही केलं नाही. मठाचा व्यवहार तिला नीट कळला होता, आपली जमेची बाजूही कळली होती. तिने वजाबाकी करून आकडा सांगितला.

निर्णय घ्यायला तिने घाई केली नाही. मध्ये तब्येतही आड आली. शेवटी 4 जुलै 1866 रोजी तिने लूर्द सोडलं, ते कायमचंच. रेल्वेने नेव्हर्सच्या सेंट-गिल्दार मठात पोहोचली. दुसऱ्या दिवशी जमलेल्या सगळ्या सिस्टरांसमोर, अंगावर अजून गावाकडचाच पोशाख, तिने दर्शनांची हकिगत एकदा सांगितली. त्यानंतर मठात हा विषय बंद. तिने बोलायचं नाही आणि कुणी विचारायचं नाही. 29 जुलैला तिला मठाचा वेश मिळाला आणि नाव मिळालं सिस्टर मारी-बर्नार्द. जन्माचं नाव परत आलं म्हणायचं.

ऑक्टोबरमध्ये दमा इतका वाढला की रात्र निघणार नाही असं वाटलं. 25 तारखेला बिशप घाईघाईने आले आणि मरणशय्येवरच तिची व्रतं उरकली. तिला बोलवत नव्हतं, म्हणून शब्द बिशपांनी म्हटले आणि तिने ‘आमेन’ म्हटलं. बिशप गेले आणि थोड्या वेळाने ही म्हणते, मी आज रात्री मरत नाही. मुख्य मदर जोझेफीन अँबेर उखडल्या: हे ठाऊक होतं तर बिशपांना या अवेळी का आणवलंस? सकाळपर्यंत मेली नाहीस तर डोक्यावरचं हे सिस्टरचं वस्त्र काढून घेईन आणि परत नोव्हिस करीन! उत्तर आलं, ‘तुमची मर्जी, मदर.’ रात्रपाळीच्या नर्सला हा प्रसंग फार ओळखीचा वाटेल. घाबरलेलं माणूस आधी रागावतं.

त्यानंतर सहा आठवड्यांनी, 8 डिसेंबरला, तिची आई वारली. ती अंत्यविधीला जाऊ शकली नाही.

30 ऑक्टोबर 1867 रोजी तिने सगळ्यांबरोबर रीतसर व्रतं घेतली. समारंभानंतर प्रत्येक नव्या सिस्टरला कुठल्या घरी, कुठल्या कामावर जायचं ते बिशपांच्या हातून मिळतं. सगळ्यांची नावं झाली, हिचं आलं नाही. बिशप फोर्काद यांनी विचारलं, आणि सिस्टर मारी-बर्नार्द? मदर हळूच म्हणाल्या, ‘ही कशाच्याच कामाची नाही.’ बिशपांनी तिला विचारलं, खरं का हे? ती म्हणाली, खरं. मग आता तुझं काय करायचं, बाळ?

आणि बर्नाडेटचं उत्तर ऐका: ‘मी तुम्हाला लूर्दलाच सांगितलं होतं, तुम्हीच म्हणालात की त्याने काही बिघडत नाही.’

ताई, हे हिणवून घेणाऱ्या मुलीचं उत्तर वाटतं का? बिशपांचाच शब्द तिने चार वर्षांनी त्यांच्या पुढ्यात ठेवला. मदरच्या वाक्याला एक व्यावहारिक बाजूही होती. नवीन सिस्टरला मुख्य मठात ठेवून घेणं हा मोठा मान समजला जाई. बर्नाडेटला बाहेर पाठवावं तर पाहणाऱ्यांची झुंबड उडणार आणि तब्येतही झेपणार नाही; ठेवून घ्यावं तर बाकीच्या म्हणणार की हिचे लाड चाललेत. मग ‘कामाची नाही म्हणून ठेवतोय’ ही पळवाट. युक्ती होती हे मी मान्य करते. तरी ती सगळ्यांसमोर, व्रतांच्या दिवशी, त्या शब्दांत करायला नको होती. चांगल्या हेतूने केलेला अपमान हा अपमानच असतो, आणि आमच्या मठांत तो पूर्वी शिस्त म्हणून खपवला जाई. माझ्या स्वतःच्या शिक्षणाच्या काळात एका वरिष्ठ सिस्टरांनी माझ्या आईने पाठवलेले लाडू सगळ्यांसमोर ‘असलं काही इथे चालत नाही’ म्हणून उचलून नेले होते. चाळीस वर्षं झाली, मला त्या डब्याचं झाकण आठवतं.

बिशपांनी त्या दिवशी तिला प्रार्थनेचं काम नेमून दिलं, आणि मदरच्या सुचवण्यावरून दवाखान्यात मदतनीस म्हणून ठेवलं.

आता नोव्हिस मिस्ट्रेस, मारी-तेरेझ वोझू. चांगल्या घरातली, शिकलेली, करारी बाई. तिच्या हाताखाली शेकडो सिस्टर घडल्या आणि बहुतेकींना ती आवडायची. बर्नाडेट येणार म्हणून तिला आधी आनंदच झाला होता. पुढे ती थंड पडत गेली. मरियेला दर्शनच द्यायचं तर एखादी सुशिक्षित, सद्गुणी सिस्टर सोडून अशी अडाणी खेडवळ पोर का निवडावी, हे तिला शेवटपर्यंत उमगलं नाही. हा वर्गाचा अहंकार झाला, त्याला दुसरं नाव नाही.

पण खरी ठिणगी दुसरीकडे होती असं मला वाटतं. वोझूची अपेक्षा असे की नोव्हिसने मन मोकळं करावं, आतलं सगळं मिस्ट्रेसला सांगावं. बर्नाडेट सांगायची नाही. लपवायची म्हणून नव्हे. दर्शनात मिळालेल्या काही गोष्टी तिला स्वतःपाशी ठेवायला सांगितलं होतं, आणि बाकी सांगण्यासारखं तिच्याकडे फारसं नव्हतं. पोलिसाला जे मिळालं नाही ते मिस्ट्रेसलाही मिळालं नाही. त्या खुर्चीवर बसून सांगते, जी मुलगी आदबीने वागते, काम करते, पण आतलं दार उघडत नाही, तिचा राग येतो. फार येतो. वाटतं, ही मला मोजत नाही. मला हे कळायला काही वर्षं गेली की ते दार उघडायला लावण्याचा हक्क मला नव्हताच.

चर्चलाही ते उशिरा कळलं. 1890 मध्ये पोप लिओ तेरावे यांच्या काळात हुकूम निघाला की वरिष्ठांनी सिस्टरांना अंतःकरण उघड करायला भाग पाडू नये. आजच्या धर्मकायद्यात, 1983 च्या, कलम 630 मध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. 1890 चा हुकूम निघाला तेव्हा बर्नाडेट वारून अकरा वर्षं झाली होती.

वोझू पुढे संपूर्ण संस्थेची प्रमुख झाली. आपण जिवंत असेपर्यंत बर्नाडेटच्या संतपदाची प्रक्रिया सुरू होऊ नये अशी तिची इच्छा होती, आणि झालीही नाही. म्हातारपणी ती राहायला गेली कुठे, तर लूर्दला. 1907 मध्ये तिथेच वारली. पुढच्या वर्षी प्रक्रिया सुरू झाली.

दवाखान्यातली बर्नाडेट मला सगळ्यांत जवळची. ‘मदतनीस’ हे नावालाच. पुढे मुख्य सिस्टरच आजारी पडल्या आणि काही काळ सगळं हिच्यावर आलं. औषधांची जुनी वजनं आणि नवी दशमान मापं यांचा मेळ घालणाऱ्या नोंदी तिने स्वतःच्या हाताने उतरवून घेतल्या होत्या. सोळाव्या वर्षानंतर अक्षर गिरवलेली ही मुलगी! नर्स म्हणून मी सांगते, औषधाच्या मापात चूक म्हणजे काय ते ज्याला कळतं तो या नोंदी पाहून गप्प होतो. गिरणीवाल्याच्या लेकीच्या हातात पुन्हा तराजू आला, आणि या वेळी माप चुकलं नाही.

तिचं विनोदाचं अंगही इथेच दिसतं. दम्यावर उपाय म्हणून डॉक्टरांनी तिला तपकीर ओढायला सांगितली होती. सगळ्यांसमोर डबी काढून ती ओढायची. एक सिस्टर दचकून म्हणाली, तुला कधी संतपद मिळायचं नाही, तू तपकीर ओढतेस! ही म्हणाली, म्हणजे तू ओढत नाहीस म्हणून तुला मिळणार वाटतं?

आणि तो झाडूचा दाखला. मरियेने मला झाडूसारखं वापरलं, काम झाल्यावर झाडू कुठे ठेवतात? दाराआड. तीच माझी जागा, आणि तिथे मी खूश आहे. प्रवचनांत हा दाखला रडव्या सुरात देतात. पण बर्नाडेटने गावातली गर्दी पाहिली होती, तिच्या कपड्याचे तुकडे कापायला धावणारे लोक पाहिले होते. तिच्यासाठी दाराआडची जागा म्हणजे सुटका होती.

ती हट्टी होती, पटकन चिडायची, आणि हे स्वतःच्या वहीत लिहून ठेवायची. भाचीला हे जरूर सांगा. चित्रातली बर्नाडेट नेहमी वर बघते, खरीखुरी अधूनमधून फणकारायची.

शेवटची काही वर्षं दवाखान्यातल्या खाटेवरच गेली. उजव्या गुडघ्याला क्षयाची गाठ, हाडापर्यंत गेलेली, पाठीवर जखमा, आणि दमा होताच. पडदे लावलेल्या खाटेला ती ‘माझं पांढरं चॅपल’ म्हणायची. काय काम करतेस असं विचारलं तर, ‘आजारी असण्याचं.’ 22 सप्टेंबर 1878 रोजी तिने अंतिम व्रतं घेतली. डिसेंबरात, अशा अवस्थेत, दर्शनांबद्दल तिची पुन्हा एकदा चौकशी झाली. जे आठवत होतं ते सांगितलं. जे आठवत नव्हतं तिथे आठवत नाही म्हणाली. वीस वर्षांत एक मणीही जास्त ओवला नव्हता.

शेवटच्या दिवसांत ती म्हणाली, मी गव्हाच्या दाण्यासारखी दळली जातेय. जात्याच्या घरघरीत जन्मलेल्या मुलीचं हे बोलणं आहे, त्यात अलंकार शोधू नका. 16 एप्रिल 1879 रोजी दुपारी, आरामखुर्चीत बसलेली असताना ती गेली. वय 35.

काचेच्या पेटीतल्या न कुजलेल्या देहाबद्दलही लोक हमखास विचारतात, म्हणून तेवढं सांगून टाकते. 1909, 1919 आणि 1925 अशी तीनदा शवपेटी उघडली. देह बराच शाबूत होता, पण चेहरा काळवंडलेला, डोळे खोल गेलेले. म्हणून 1925 मध्ये चेहऱ्यावर आणि हातांवर मेणाचा पातळ मुखवटा चढवला. नेव्हर्सला आपण बघतो तो गोरा, शांत चेहरा मेणाचा आहे. हे सांगितलं की काही जण माझ्यावर नाराज होतात. पण जिने पोलिसाला ‘तुम्ही बदललंत’ म्हणून अडवलं, तिच्याबद्दल तरी खरं बोलावं. 1925 मध्ये तिला धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) आणि 8 डिसेंबर 1933 रोजी पोप पायस अकरावे यांनी संत घोषित केलं, ते जगण्यासाठी. शरीर टिकलं म्हणून नाही.

आता भाचीबद्दल. गरिबीची अडचण आज नाही. 1983 च्या धर्मकायद्यात हुंड्याचा उल्लेखच नाही. 17 वर्षं पुरी झाल्याशिवाय नोव्हिस होता येत नाही, नोव्हिशिएट किमान बारा महिन्यांचं, त्यानंतर तात्पुरती व्रतं सहसा तीन ते सहा वर्षांसाठी आणि मग कायमची. म्हणजे परत फिरायला भरपूर दारं आहेत, आणि परत येणारीला नावं ठेवू नका एवढं घरच्यांना आत्ताच बजावून ठेवा. दहावीला गचकली यानेही काही अडत नाही. कलम 642 मध्ये वरिष्ठांनी तब्येत, स्वभाव आणि परिपक्वता पाहावी असं आहे. मार्कशीट त्यात नाही. पण बर्नाडेटलाही सोळाव्या वर्षानंतर अक्षर गिरवावं लागलं होतं, तेव्हा पुढे शिकायची तयारी हवी.

एक शंका मात्र मला आहे. ‘बर्नाडेटही गरीब होती’ हे भाची घरच्यांना गप्प करायला म्हणते की स्वतःला? घरच्या ओढाताणीतून सुटायचा मार्ग म्हणून मठ निवडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यात पाप काही नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ते जड जातं. बर्नाडेटला सुटका हवी असती तर लूर्दमध्ये मागण्या येत होत्या, पैसे येत होते. तिने घाई न करता थांबून विचार केला. भाचीलाही वर्षभर एखादी नोकरी किंवा कोर्स करू द्या, दोन पैसे हातात येऊ द्या, आणि मग विचारा. उत्तर तेच आलं तर अडवू नका.

मठ पाहायला जाल तेव्हा चॅपल आणि पाहुण्यांची खोली दाखवतीलच. मालाडच्या ओर्लेमचं चर्च लूर्दमातेच्याच नावाचं आहे, वसईतही जागोजागी ग्रोटो (लूर्दच्या कपारीच्या प्रतिकृती) आहेत, तसा तिथेही असेल, 11 फेब्रुवारीला फुलं वाहिलेला. तो बघा, नमस्कार करा. मग म्हणा, आजारी आणि म्हाताऱ्या सिस्टर कुठे राहतात ते दाखवा. त्यांच्या खाटा खिडकीपाशी आहेत का, चादर कधीची आहे, कुणी त्यांच्याशी बोलायला बसलंय का, ते पाहा. शक्यतो न कळवता जा, दुपारी अडीच-तीनच्या सुमाराला, आवराआवर झालेली नसते तेव्हा.